उत्तरपूजा राहिलेला कॉम्प्युटर

आमच्या वसतिगृहातला कॉम्प्युटर सोवळ्यात होता. हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्याला शिवायचं तर आंघोळ करून, पाय धुऊन, केस बांधून आणि तोंडात काहीही नसताना शिवायचं, असा नियम होता. आणि नियम करणारे गृहस्थ स्वतः रेशमी मुकटा नेसून त्याच्यापुढे मांडी घालून बसत. कॉम्प्युटर चौरंगावर, गृहस्थ पाटावर. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत सगळीकडेच होती, धूळ आत जाऊ नये म्हणून. ह्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. सुरुवातीला तर ते अमृतराव घाटावर स्नान करून ओलेत्यानेच येत आणि बटण दाबत. एकदा चांगला झटका बसला, हातातला तांब्या गडगडत अंगणात गेला, तेव्हापासून मुकटा आला. विजेचा आणि पाण्याचा काही संबंध आहे हे मात्र त्यांनी कबूल केलं नाही. ओलं वस्त्र त्याला चालत नसावं, एवढंच म्हणाले.

दूधविनायकाच्या गल्लीत त्यांना सगळे गुरू म्हणत. बनारसमध्ये पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो एकमेकांना गुरू म्हणतो, त्यामुळे त्यात मान कमी आणि सवय जास्त होती. आमच्या मुलींनी त्याला जी लावला आणि ते गुरुजी झाले. मीही त्यांना गुरुजीच म्हणायला लागले, जरी लहानपणी त्यांच्या अंगणातल्या कैऱ्या चोरल्या होत्या आणि त्यांनी माझा कान धरला होता.

मी त्या वसतिगृहाची अधीक्षिका. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. एका संस्थेनं आमच्या गल्लीतल्या जुन्या घराचा खालचा मजला घेऊन तिथे सोनभद्रच्या डोंगरातल्या गोंड आणि खरवार मुलींना शिकायला ठेवलं होतं. त्यांच्या गावांवरून विजेच्या जाडजूड तारा दूरदूरच्या शहरांकडे जात आणि खाली गावात कंदील जळे. काशीत तरी वीज असेल अशी मुलींची समजूत होती. इथे ती होती, पण पाहुणी म्हणून यायची आणि चहाला थांबायची नाही.

कॉम्प्युटर पाठवला होता दिल्लीच्या एका ट्रस्टनं. आदिवासी मुलींच्या शिक्षणाला यंत्राचा उपयोग होतो का ते वर्षभर बघू, झाला तर राहील, नाही तर परत नेऊ, अशी बोली होती. आला तेव्हाच तो म्हातारा होता. स्वतःच्या पोटात काही साठवायची त्याची ताकद गेली होती, त्यामुळे जे काही टाइप करायचं ते फ्लॉपीवर ठेवावं लागे. त्या वेळच्या फ्लॉपी म्हणजे काळ्या पातळ चौकोनी चकत्या, वळवल्या तर वळणाऱ्या. कागदी पाकिटातून काढल्या की खालच्या बाजूला एक लांबट उघडी फट दिसायची आणि तिच्यातून आतली तबकडी. ह्या फटीची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गुरुजी नुकतेच रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले होते आणि तिथे त्यांनी कॉम्प्युटर चालवला होता, म्हणून मी त्यांच्या दारात गेले. मुलींना शिकवाल का म्हणून विचारलं. त्यांनी मुली किती, कोणत्या इयत्तेतल्या, काही विचारलं नाही. खोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते विचारलं. पूर्वेला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हजर झाले, सोबत चौरंग, गंगाजळाची लोटी आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, लग्नातल्या शालूची शिवलेली खोळ. धुळीपासून यंत्र झाकायला खोळ हवीच होती, पण शालूची हवी असं कोणी सांगितलं नव्हतं. काकू पुढे कितीतरी दिवस गल्लीत सांगत फिरत होत्या की मला आयुष्यात दुसरा शालू घेतला नाही आणि जो होता तो त्या डब्याला नेसवला.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल. आमच्या गल्ल्यांमध्ये वेद अजूनही पोथी न उघडता शिकवतात. गुरू म्हणतो, शिष्य मागून म्हणतात, पाठ होईपर्यंत म्हणतात. ह्याला संथा म्हणतात. गुरुजी वैदिकांच्या घरातले. लहानपणी वडिलांपाशी संथा घ्यायला बसले आणि अर्ध्यावर उठून रेल्वेत गेले. वडील त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत. नोकरीच्या धबडग्यात जे पाठ होतं तेही विसरलं. हे सगळं ते हसत सांगत. मला त्यात हसण्यासारखं कधी वाटलं नाही, पण समोरचा हसत असला की आपणही हसतो.

तर त्या माणसानं आमच्या मुलींना कॉम्प्युटरची संथा द्यायला सुरुवात केली. "आधी घसा, मग यंत्र," हे त्यांचं पालुपद. वीज असो नसो, मुली अंगणात ओळीनं बसत आणि गुरुजी हात वरखाली करत म्हणत, डी आय आर एंटर, म्हणजे कोणकोणत्या फायली आहेत ते यंत्राला विचारायचा हुकूम. मुली म्हणत, डी आय आर एंटर. कुठे स्वर उंच, कुठे खाली, कुठे लांबवायचा, सगळं ठरलेलं. हिंदी टाइप करायचा जो प्रोग्राम होता त्याच्या कळांच्या ओळी सुद्धा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पाठ. प्रत्येकीला एक लाकडी पाट दिला होता, त्यावर गुरुजींनी चुन्यानं कळा काढल्या होत्या. बोटं त्यावर चालवायची. पाट बसायचा असतो अशी मुलींची समजूत होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी मोडून काढली. अक्षरांवर बसतात का, म्हणाले, आणि त्या पाटांवर बसायला बंदी झाली. मग जेवायला मुली जमिनीवर आणि पाट भिंतीला टेकून ऐटीत उभे.

समोरच्या घरात एक वयोवृद्ध घनपाठी राहत. घनपाठी म्हणजे ज्यांना वेद शब्द उलटसुलट विणूनही म्हणता येतो असे. काशीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्या कानावर खिडकीतून ते स्वर गेले आणि त्यांची खात्री झाली की रानातल्या पोरींना चोरून वेद शिकवला जातो आहे. ते काठी आपटत खाली आले. मी दारात आडवी उभी राहिले. भांडणाची मी पूर्ण तयारी केली होती, काय काय बोलायचं ते मनात मांडून ठेवलं होतं. घनपाठी माझ्या बाजूनं सरळ आत आले. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग गुरुजींना म्हणाले, तिसऱ्या ओळीत ती पोरगी स्वर दाबते आहे, तिला सांग. आणि निघून गेले. मनात मांडलेलं माझं सगळं वाया गेलं.

ज्या पोरीचा स्वर दाबला जात होता ती मानमती. खरवारांची, पंधरा-सोळा वर्षांची, वसतिगृहातली सगळ्यांत हट्टी मुलगी. स्वर दबत नव्हता, ती मुद्दाम पुटपुटत होती. तिला ही संथा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. तिला घाई होती आणि त्या घाईला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ गावच्या शाळेत पहिलीत बसायचा आणि घरी येऊन गप्प राहायचा. पुस्तकातली हिंदी त्याला परकी, त्याची बोली मास्तरांना परकी, आणि मधल्या मध्ये छडी. घरचे म्हणत होते, हा शाळेत गेल्यापासून मुका झाला, होळीनंतर शेळ्यांमागे पाठवू. मानमतीच्या डोक्यात होतं की आपल्या बोलीत एक पुस्तक करायचं. आजीच्या गोष्टी, महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वेचतानाची गाणी, मोठ्या अक्षरात. गावातल्या पोरांनी ते आधी वाचावं आणि मग सरकारी पुस्तकाला हात घालावा. कॉम्प्युटरला जोडलेला छापायचा प्रिंटर होता. त्याची रिबन संपली होती, ती दिल्लीहून यायची होती, पण लिहून ठेवायला काय हरकत होती?

हरकत गुरुजींची होती. पुस्तकाच्या कल्पनेवर ते इतके खूश झाले की त्या दिवशी घाटावरून सगळ्यांसाठी गरम जिलबी घेऊन आले, आणि ती खाऊन हात धुऊन होताच म्हणाले, "सगळं आधी पाठ करा. घशात नाही ते यंत्रात घालायचं नाही." मानमतीनं वाद घातला. पाठच करायचं तर कॉम्प्युटर कशाला, असं तिनं तोंडावर विचारलं. गुरुजींनी मुकट्याची निरी सारखी केली. प्रश्न बिनतोड होता आणि पुढे तो वेगळ्याच माणसाच्या तोंडून परत यायचा होता.

त्या पुस्तकातली एक गोष्ट अस्वलाची. एक अस्वल महुआची फुलं खाऊन झाडाखालीच झिंगून झोपतं. एक बाई पहाटेच्या धुक्यात येते, तिला वाटतं घोंगडी पांघरून नवराच पडला आहे. ती त्याला आळशी म्हणून यथेच्छ झोडपते, लाकडं कोण आणणार, छप्पर कोण शाकारणार. अस्वलाला इतकी लाज वाटते की ते उठून मुकाट्यानं लाकडं गोळा करून आणतं. बाई घरी जाऊन बघते तर नवरा घरात, आणि अंगणात मोळी. मग ती नवऱ्याला रोज सांगते की तुझ्यापेक्षा कालचा तू बरा होतास. ही गोष्ट ऐकताना मुली लोळत हसत. गुरुजींनी ती सुद्धा घनपाठासारखी शब्द पुढेमागे विणून म्हणायला लावली, म्हणजे एक शब्द गळायला नको. अस्वल महुआ, महुआ अस्वल, अस्वल महुआ. कोण कोणाला खातं आहे तेच कळेनासं झालं, पण शब्द एकही गळला नाही.

अखेर सगळं पुस्तक घशात बसलं आणि मग फ्लॉपीवर चढलं. खबरदारी म्हणून तेच पुस्तक आणखी दोन-चार फ्लॉपींवर घेतलं. गुरुजी रेल्वेत हिशेबखात्यात होते, एका ठिकाणी लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नसे. दिल्लीचे साहेब पाहणीला यायचे होते, ते सोबत रिबन आणणार होते. त्यांना पुस्तक दाखवायचं, त्यांच्यासमोर छापायचं, म्हणजे कॉम्प्युटर इथेच राहील आणि पुस्तक गावात जाईल, असं सगळं ठरलं होतं.

मध्ये नवरात्र आलं. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, विद्यार्थ्याची पुस्तकं. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, दसऱ्याला उत्तरपूजा करून, म्हणजे अक्षता वाहून आणि जागेवरून जरासं हलवून, मग पुन्हा वापरायचं. काशीतल्या मराठी घरांत हे अजून चुकत नाही. गुरुजींनी कॉम्प्युटरची पूजा मांडली. शालूची खोळ काढली, झेंडूची माळ घातली, यथासांग आवाहन केलं, मुलींना एकेक करून नमस्कार करायला लावला. मला स्वतःला ती पूजा फार आवडली. मुलींच्या हातचं ते यंत्र, त्याच्यापुढे समई, आणि गुरुजींचा भरून आलेला आवाज. मी प्रसादाला खीर केली होती.

दसऱ्याला सकाळी मानमती उठली ती थेट यंत्रापाशी. उत्तरपूजेची वाट बघायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं आंघोळ मात्र केली होती, तेवढा धाक होता. वीज होती. तिनं फ्लॉपी सारली आणि यंत्रानं असा काही आवाज केला की मी स्वयंपाकघरातून धावत आले. जात्यात खडा सापडल्यावर होतो तसा.

गुरुजींना बोलावून आणलं. त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं, चिमट्यानं आत शोधलं आणि फ्लॉपी घालायच्या खाचेतून एकेक करून कुंकवात भिजलेल्या अक्षता बाहेर काढल्या. अक्षता वाहायला त्यांना तीच जागा सापडली होती, यंत्राचं तोंड समजून. तेवढ्यानं भागलं असतं, खाच साफ करून यंत्र पुन्हा चालू लागलंच. पण मग त्यांनी फ्लॉपी हातात घेतली आणि तिच्या त्या लांबट फटीत, अगदी तबकडीवर, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट दिसलं. दुसरी काढली, तिच्यावर बोट. तिसरीवर बोट. पूजेत एकीला लावायचं आणि दुसरीला नाही असं त्यांच्या हातून झालं नसतं. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या फ्लॉपी सौभाग्यवती झाल्या होत्या आणि एकीवरचंही पुस्तक वाचता येत नव्हतं.

गुरुजी मुकट्यातच उठले आणि बाहेर गेले. मी थोड्या वेळानं शोधत गेले तर ते संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते, सोवळ्यात, चहाच्या टपरीच्या शेजारी. त्या माणसाला तिथे बसलेलं बघून मला त्या कुंकवापेक्षा जास्त भीती वाटली. मी शेजारी बसले. ते नदीकडे बघत म्हणाले, "वडिलांनी घशात घातलं होतं ते नोकरीत घालवलं. पोरींचं यंत्रात होतं, ते पूजेत घालवलं. माझ्या हातात काही ठेवू नये, पोरी." मी चहा घेता का विचारलं, आणि तो त्यांनी घेतला. सोवळ्यात टपरीचा चहा घेताना मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं.

आमच्या मागे पायऱ्या उतरून मानमती आली होती. तिचं रडून झालं होतं, नाक लाल होतं. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि जरा रागानंच म्हणाली, "गुरुजी, हमन के त कंठ में बा."

आमच्या तर गळ्यात आहे. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. तिनं अस्वल महुआ, महुआ अस्वल सुरू केलं आणि घाटावरच्या नावाड्यांनी माना वळवल्या. ती थांबली नाही. एका ठिकाणी गुरुजींचा हात आपोआप वर गेला, स्वर दाखवायला, आणि मला कळलं की आता हे उठतील.

मग पंधरवडाभर आमच्या घरात जे चाललं त्याला लग्नघर म्हणावं. विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्यातल्या बाजारातून नव्या फ्लॉपी आल्या, यंत्राला लागणारे प्रोग्राम त्यांतल्या काहींवर भरून घेऊन. वीज आली की कोणी ना कोणी ओरडायचं, आणि स्वयंपाक, अभ्यास, आंघोळ टाकून मुली धावायच्या. आंघोळ अर्धवट टाकून आलेलीला शिवता येईल का, ह्यावर गुरुजींना दोन दिवस निर्णय देता आला नाही, शेवटी डोक्यावरून एक तांब्या झाला असेल तर चालेल असं ठरलं. एक म्हणायची, दुसरी टाइप करायची. वीज गेली की पहिली म्हणतच राहायची. पुस्तक जवळजवळ सगळं परत चढलं. अस्वलाची गोष्ट तेवढी राहिली होती, ती साहेब येण्याच्या दिवशी सकाळी उरकायची होती.

त्या सकाळी वीज गेली ती गेलीच. कोणी म्हणे माकडानं तार तोडली, कोणी म्हणे ट्रान्सफॉर्मर बसला. साहेब दुपारी आले, सोबत सामान उचलायला एक धिप्पाड ड्रायव्हर. तो कॉम्प्युटर उचलून न्यायला आहे हे मला लगेच कळलं. साहेबांच्या तोंडात पान होतं. गुरुजींनी त्यांना दारातच अडवलं. बूट काढायला लावले, पाय धुवायला पाणी दिलं, पान थुंकायला मोरी दाखवली. मग विचारलं, सकाळी स्नान झालं आहे का. साहेब रात्रभराच्या गाडीतून उतरून थेट आले होते. तेव्हा त्यांना उंबऱ्याबाहेर खुर्ची देण्यात आली. आत, चौरंगाजवळ, गोंडांच्या आणि खरवारांच्या पोरी बसल्या आणि दिल्लीचे उच्चकुलीन साहेब पायरीवर. आमच्या गल्लीत सोवळं कोणाला आत घेतं आणि कोणाला बाहेर ठेवतं हे मी जन्मापासून बघत आले होते. त्या दिवशीचा तो देखावा बघून माझं मन फार सुखावलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पडदा काळा ठिक्कर. साहेब म्हणाले, दाखवा काय ते. गुरुजींनी मुलींकडे बघून मान हलवली.

मानमती म्हणाली, डी आय आर एंटर. सगळ्यांत धाकटी बिंदू, जी सरावात नेहमी कॉम्प्युटर व्हायची, ती खड्या आवाजात फायलींची नावं क्रमानं म्हणाली. एकीनं मुद्दाम चुकीचा हुकूम दिला आणि बिंदूनं कपाळाला आठ्या घालून तिला बॅड कमांड ऑर फाइल नेम म्हणून फटकारलं; हे तिचं सगळ्यांत आवडतं काम. मग फाइल उघडली, म्हणजे मानमतीनं डोळे मिटले, आणि अस्वलाची गोष्ट सुरू झाली. ओळ संपली की सगळ्या मिळून म्हणत, एंटर. पाटांवर बोटं चालत होती. साहेब हसले, मग पुढे वाकून ऐकू लागले, मग त्या बाईनं अस्वलाला झोडपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ड्रायव्हर भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी रुमालानं डोळे पुसले आणि मनापासून म्हणाले, "पंडितजी, बच्चियाँ तो कमाल हैं. इन्हें सब ज़बानी याद है. फिर मशीन की इन्हें क्या ज़रूरत?"

लखनौच्या ऑफिसात कॉम्प्युटरची फार अडचण आहे, इथे त्याच्यावाचून काही अडत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत, असं ते अतिशय कौतुकानं सांगत होते. त्यांच्या मनात कपट नव्हतं आणि तेच वाईट होतं. मानमतीचा चेहरा मला आजही दिसतो. तिनं हाच प्रश्न विचारला होता. आता यंत्र गेलं तर पुस्तक छापलं जाणार नव्हतं आणि होळीला भाऊ शेळ्यांमागे जाणार होता. ती उठून चौरंगापुढे उभी राहिली, पण ड्रायव्हर तिच्या दुप्पट होता. पाय धुऊन तो आत आला, त्यानं वाकून हात घातला.

आणि गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "रुकिए. उत्तरपूजा नहीं हुई है."

साहेबांना कळेना. गुरुजींनी समजावून सांगितलं की नवमीला ह्याच्यात आवाहन केलं, दसऱ्याला विसर्जन करायचं ते गडबडीत राहून गेलं, तेव्हा हा अजून बसलेला आहे. बसलेल्याला उठवता येत नाही. हे ऐकताच ड्रायव्हरनं विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला, दोन्ही कानांना हात लावले आणि बाहेर जाऊन बूट घातले. "साहब, बैठे हुए को हम नहीं उठाएँगे. हमरे घर में बाल-बच्चा है."

लोक पुढे म्हणत, गुरू काय चलाख. मी तिथे होते. चलाखी नव्हती. त्या क्षणी त्यांना खरोखरच आठवलं होतं आणि ते खरोखरच घाबरले होते, यंत्रासाठी नव्हे, राहिलेल्या विधीसाठी. म्हणूनच साहेब सुद्धा घाबरले. तरी धीर करून ते म्हणाले की मग आता करून टाका, दोन मिनिटांचं काम असेल. गुरुजी प्रामाणिक माणूस. ते अक्षता शोधायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, ते बघत नव्हते. अक्षतांची वाटी त्यांच्या हाताला लागली सुद्धा.

तेवढ्यात वरून आवाज आला. समोरच्या खिडकीत घनपाठी उभे होते, किती वेळ ऐकत होते कोण जाणे. त्यांनी साहेबांना हात जोडले आणि शांतपणे सांगितलं, "इस साल मुहूर्त नहीं है."

घनपाठ्यांनी जन्मात सांगितलेली ती एकमेव थाप असावी. उत्तरपूजेला कसला मुहूर्त? गुरुजी तोंड उघडणार होते, घनपाठ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की वाटी खाली ठेवली गेली. साहेबांनी वाकून त्या खिडकीला नमस्कार केला, प्रिंटरची रिबन पिशवीतून काढून उंबऱ्यावर ठेवली, आणि मुहूर्त लागला की कळवा म्हणून निघून गेले. पुढे दरवर्षी ट्रस्टकडून विचारणा येई आणि दरवर्षी मी कळवत असे की पंचांग पाहतो आहोत.

पुस्तक छापलं गेलं. प्रिंटर करकरत रेघ रेघ ओढत होता आणि मुली त्याच्याबरोबर म्हणत होत्या, चुकला तर धरायला. थंडीत मानमतीचे वडील तिच्या भावाला घेऊन वसतिगृहात आले. त्या मुक्या पोरानं पुस्तक मांडीवर घेऊन अस्वलाची गोष्ट बोट ठेवत वाचली, अडखळत, पण मोठ्यानं. वाचून झाल्यावर त्यानं पहिलं मत दिलं की अस्वल लाकडं असं उचलत नाही, आणि उभं राहून कसं उचलतं ते करून दाखवलं. शेळ्या दुसऱ्या कोणी राखल्या.

गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते ती साध्यासुध्या वेळी, पाय न धुता कुठे आत गेले की. वसतिगृहात नवे, चपटे कॉम्प्युटर आले, ते मुली चपला घालून वापरतात आणि समोर समोसे खातात. जुना कोपऱ्यात चौरंगावर शालूची खोळ घालून तसाच होता. तो केव्हाच बंद पडला होता, पण त्याला हलवायची छाती कोणाची झाली नाही. मी निवृत्त व्हायच्या सुमारास मानमती आली. ती तिच्या गावच्या शाळेत शिकवते, केसात थोडं पांढरं दिसायला लागलं आहे. म्हणाली, हा मी घेऊन जाते, शाळेत ठेवते.

मी म्हटलं, "अगं, तो चालत नाही."

"न चले," ती म्हणाली. "गुरुजी के बखत कउन चलत रहा?"

जीप बाहेर उभी होती. तिनं नळावर पाय धुतले, केस बांधले, माझ्याकडून अक्षता मागून घेतल्या. खोळ काढली. डाव्या हातानं तिनं ती खाच झाकून धरली, घट्ट, आणि मग उजव्या हातानं अक्षता वर वाहिल्या. यंत्र बोटभर हलवलं. मंत्र तिला येत नव्हता आणि मलाही येत नव्हता. डोळे मिटून तिनं अस्वलाच्या गोष्टीची पहिली ओळ म्हटली, जुन्या स्वरात, कुठेही न दाबता. ओळ संपली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "एंटर."